ओ न दिलेली हाक

वड्या उचलायला गेलती, दुसरं काही नाही. कोहळ्याच्या वड्या सकाळपासून गच्चीवर बाजेवर पसरल्या होत्या, आणि आमच्या नागपूरपलीकडच्या बालाघाटात पुसाच्या महिन्यात सूर्य झाडाखाली गेला की दव पडायला वेळ लागत नाही. वडी ओली झाली की कुबट वास धरते, मग ती कुत्र्यापुढेही टाकवत नाही. म्हणून चुलीवरचा भात उतरवला, सूप घेतलं आणि जिना चढले. दोन हजार चारचं साल संपत आलं होतं.

लाइट गेली आहे. कंदील जवळ ओढून लिहिते आहे, कारण बोलून सांगायची सोय नाही. मी चौथी शिकलेली बाई. सजवून लिहिणं जमत नाही. जसं झालं तसं लिहिते. पटलं तर ठेवा, नाही तर चूल पेटवायला घ्या.

गच्चीवर आमचे हे उभे होते. गुणाकर नाव त्यांचं. लिहिते आहे, तोंडानं घेत नाही. सरकारी खात्यात वायरलेस दुरुस्त करण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे उपग्रहाला लागले. एका हातात लाकडी दांडा, दांड्याला जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या काड्या आडव्या ठोकलेल्या. लांबून पाहिलं तर माशाचा सांगाडा. दुसऱ्या हातात मुठीत मावेल एवढा सेट, आणि तसाच दुसरा सेट गळ्यात दोरीनं अडकवलेला. तो सांगाडा आभाळाकडे धरून हे हळूहळू वळत, जसं वरून कोणी चाललं आहे आणि हे त्याला वाट दाखवत आहेत.

वरून खरंच एक जायचा. हौशी लोकांसाठी सोडलेला उपग्रह, धान्याच्या डब्याएवढा, असं हे म्हणत. दिवसातून चार-सहादा यायचा. एका बाजूच्या झाडीतून उगवायचा, दुसरीकडे बुडायचा. दहा-बारा मिनिटांचा खेळ. तेवढ्यात आपलं नाव-गाव सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं आणि रामराम करायचा.

शेजारची शांताबाई हसायची. "बाई, तुह्या घरचे बिना पतंगाचा मांजा ढीलून राह्यले."

ठाण्यातूनही एकदा दोन शिपाई आले होते. आमच्या जिल्ह्यात जंगल आहे, आणि जंगलात कोण कोण फिरतं ते सगळ्यांना माहीत आहे. हातात वायरलेस घेऊन गच्चीवर उभा माणूस पाहिला की कोणीही विचारेलच. यांनी लायसन दाखवलं, शिपायांनी ते उलटसुलट पाहिलं, चहा प्याले, आणि जाताना एकानं मला हळूच विचारलं, "बाई, ये रोज बात किससे करते हैं?"

मी म्हटलं, "मालूम होता तो आपसे पहले मैंही नहीं पकड़ लेती क्या?"

खरं सांगते, माझा संशय वेगळा होता. बायकोचा असतो तसाच. दिवे लागायच्या वेळी माणूस तोंड धुऊन, भांग पाडून गच्चीवर जातो, तो काय धान्याच्या डब्यासाठी? एकदा समोरच उभी राहिले.

"अजी, कोणाशी गुलुगुलु करता रोज?"

आधी खाकरले. कोणताही शब्द काढायच्या आधी एकदा खाकरायची सवय होती त्यांना, विड्यांमुळे. मग म्हणाले, "कधी चेन्नईवाला, कधी लंकेचा कोणी. नाही तं आपला चैतराम. आन कोणीच नसलं तं माह्याशीच."

"स्वतःशी?"

"अवं, आपण बोललेलं वर जाते आन तिथून साऱ्या मुलखावर पडते. आपल्यावर बी पडते. म्हणून दोन सेट. एकानं बोलायचं, दुसऱ्यात ऐकायचं. आपलाच आवाज वरून ऐकू आला की समजायचं, पोचलो."

"आन नाही आला तं?"

"तं नुसतेच बोंबलून राह्यलो."

चैतराम म्हणजे वारासिवनीचा. तिथं त्याचं जळलेल्या मोटरी गुंडाळून देण्याचं दुकान. हा नाद त्याला यांनीच लावला. सरकार या लोकांना एकेक सांकेतिक नाव देतं, इंग्रजी अक्षरं आणि मधे एक आकडा. बोलायला लागलं की आधी ते उच्चारायचं. यांचं नाव मी लिहीत नाही. वाचताना तुमचे ओठ हलतील.

तर त्या संध्याकाळी कानात घालायची वायर तुटली होती, म्हणून गळ्यातला सेट मोकळाच बोलत होता. हे आपलं सांकेतिक नाव म्हणत आणि त्यासरशी छातीवरून तोच आवाज यायचा, जरा घोगरा, कोरड्या विहिरीत बोलल्यासारखा. मला गंमत वाटली. मी वड्या सुपात गोळा करत होते. बाजेच्या कोपऱ्यावर कावळ्यानं चोच मारून नासधूस केली होती आणि हा माणूस हाताच्या अंतरावर उभा राहून आभाळ बघत होता. झापायला म्हणून वळले.

तर यांचं तोंड मिटलेलं होतं. बटनावरचा अंगठाही उचललेला. आणि गळ्यातल्या सेटमधून यांचाच आवाज यांचं सांकेतिक नाव घेत होता.

"अजी... तुम्ही तं बोलून नाही राह्यले..."

यांनी हात वर करून मला गप्प केलं. खरखर झाली. जळक्या वायरसारखा वास आला, की मला वाटला, देव जाणे. मग तोच आवाज दुसऱ्यांदा आला. आधी खाकरला, मग नाव घेतलं.

माझं माहेर लामत्याच्या पुढं, रानात. आमच्याकडे पोराला बोलता यायला लागलं की आधी एक गोष्ट शिकवतात. तिन्हीसांजेला कोणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुसरी हाक आली तरी नाही. तिसरी आली तर माणूस आहे असं समजून ओ द्यायची. ते जे असतं, ते दोनदाच हाक मारतं. आणि त्याला आपली ओ मिळाली की मग ते तिसऱ्यांदा कशाला मारेल?

मी यांचा दंड धरला. "थांबा. तिसरी येऊ द्या."

"अवं, बुडून राह्यला तो! झाडीत गेला की संपलं. तुह्या तीन हाका मोजत बसू का मी?" आणि बटन दाबून बोलले, "हौ, बोला. कोण बोलून राह्यलं?"

खरखर. मग, "गुणाकर."

हे हसले. "कोठून?"

"गच्चीवरून... तू कोण? कोठून?"

आणि आमच्या माणसानं, जन्मभर सरकारी फॉर्म भरलेल्या माणसानं, नीट सांगितलं. नाव सांगितलं. गाव सांगितलं. मोहल्ला सांगितला. त्यांच्यात तशी रीतच आहे, विचारलं की सांगायचं.

पलीकडे लिंबाच्या झाडामागं उपग्रह बुडाला. सेट नुसता फुसफुसत राहिला. यांनी दांडा खाली केला, गळ्यातली दोरी काढली आणि दोन्ही सेट माझ्या सुपात, वड्यांवर ठेवले. "घे," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मागं वळून आभाळाकडे पाहिलं नाही. तिसरी हाक आली नव्हती. मी ती ऐकायला कितीतरी वेळ उभी होते, वड्या ओल्या झाल्या तरी.

दुसऱ्या दिवसापासून माझा नवरा सुधारला.

गच्चीवर जाणं बंद. विडी बंद. जेवताना म्हणाले, "भाजी छान झाली." लग्न झाल्यापासून जेवताना 'मीठ' याशिवाय दुसरा शब्द या माणसाच्या तोंडून निघाला नव्हता. माझ्या हातातला चमचा तिथंच राहिला. शांताबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, नशीब काढलं तू. माह्या घरच्याले बी दे तो सेट ऐकायले."

मलाही आधी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू? मग एकेक गोष्ट टोचायला लागली. माणूस घोरत नव्हता. उताणा, हात बाजूला सरळ ठेवून झोपायचा, जसं कोणी निजवून ठेवलं आहे. मी वाटाणे सोलत बसले की समोर येऊन बसायचा आणि मी बोलले की बघायचा. माझ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. आणि खाकरणं गेलं होतं. मी मनाला समजावलं, विडी सुटली म्हणून खाकरणंही सुटलं. पण दोन्ही सेटमधले सेल काढले, कपाटात कुलूप लावून ठेवले आणि किल्ली कमरेला खोचली.

एके सकाळी फोन वाजला. चैतराम.

"वहिनी, भाऊंले सांगा, आवाज फाटून राह्यला. अँटेना जरा तिरपी धरा म्हणा."

"कोणाचा आवाज?"

"भाऊंचा. आत्ताच तं बोललो ना त्यांच्याशी. रोजच बोलतो."

खिडकीतून मला न्हाणी दिसत होती. हे डोक्यावर पाणी ओतत होते. कपाटाची किल्ली माझ्या पोटाला लागत होती.

"चैतराम, सकाळी सकाळीच ढोसली का रे?"

"वहिनी, तुमच्या आईची शपथ..."

"माह्या आईले मधात आणू नको!" म्हणून फोन आपटला.

मी घरात सांगितलं की देवळात जाते. खरंच देवळातच निघाले होते. पण बस स्टँडवरून जाताना वारासिवनीची गाडी सुटत होती आणि माझे पाय आपोआप तिच्यात चढले. कोणाला बोलले नाही. बोलायला कोणी नव्हतंच. चैतरामला समोरासमोर धरायचं आणि दोन थोबाडात द्यायच्या, एवढंच ठरवलं. मला पक्का संशय, हाच मेला नकला करतो आहे.

वारासिवनीला उतरलं की आधी राइस मिलचा वास येतो, उकडलेल्या धानाचा, गरम, जड. चैतरामचं दुकान मिलच्या मागच्या गल्लीत. पोचले तर दुकानाबाहेर एक खुर्ची ठेवलेली. गमछ्यानं झटकून पुसलेली. बाजूला पाण्याचा लोटा, वर झाकण. चैतराम हात जोडून उभा.

"बसा वहिनी. आधी पाणी प्या."

"तुले कोणी सांगतलं मी येऊन राह्यली?"

त्यानं मान खाली घातली. "भाऊंनी. तासाभरापूर्वी. म्हणाले, सत्यभामा गाडीत बसली. रागात आहे. आधी पाणी पाज, मंग बोल."

मी तो लोटा उचलला आणि त्याच्या पायावर ओतला.

"नकला करतं का रे? आन कोणाले ऐकू येते हा आवाज?"

"कोणालेच नाही वहिनी. चेन्नईवाल्याले विचारलं, तो बी त्याच वेळी ऐकून राह्यला होता. त्याले नुसती खरखर."

"म्हणजे बोलणारा तू, ऐकणारा बी तूच."

"माह्या पोराची आण घेतो..."

"आण नको घेऊ. ऐकव."

दुपारी उपग्रह येणार होता. आम्ही वाट पाहत बसलो. मी त्याच्या दुकानातला एकेक कोपरा तपासला, पडद्यामागं पाहिलं, टेपरेकॉर्डर होता तो मीच हातानं बंद करून ओट्यावर ठेवला. ऊन लखलखीत होतं. मिलची मशीन धडधड चालू होती, गल्लीतून हमाल पोती नेत होते. भुताखेताची ती वेळच नव्हती. तेच मला जास्त खटकत होतं.

चैतरामनं गल्लीत उभं राहून आपला सांगाडा आभाळाकडे धरला. "उगवला." त्याचा अंगठा बटनापासून लांब होता, मी डोळ्यात तेल घालून पाहत होते. खरखर... खरखर... मग कोणीतरी खाकरलं.

मी खुर्ची धरली.

"चैतराम... आली का ती?" सेटमधून आवाज आला.

चैतरामनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही.

"सत्यभामा."

तोच आवाज. लग्नानंतर सहा महिने सासरी कोणासमोर माझं नाव घ्यायला लाजणाऱ्या माणसाचा. नावातला 'त्य' जरा दाबून म्हणायचे, तसाच दाबलेला.

"मले खाली येता येत नाही... मी त्याले नाव सांगतलं, गाव सांगतलं, मोहल्ला सांगतला... तो गेला तिथं. तू ओ दे. तू ओ दिली की मी उतरतो."

चैतरामनं सेट माझ्या तोंडाजवळ धरला. त्याच्या हाताला तेलाचा, तांब्याचा वास येत होता. "दाबा वहिनी. हे बाजूचं. दाबा आन बोला."

"सत्यभामा."

ही दुसरी. माझा अंगठा बटनावर होता. थंडगार होतं ते बटन. मी स्वतःला विचारलं, तुझा नवरा कोणता? जो घरी आहे त्याला काल पांघरूण घातलं, त्याचं अंग गरम होतं. त्याच्या हातावर सोल्डरिंगचा जुना डाग आहे, मी पाहिला आहे. आणि हा जो वर आहे, त्याला अंग नाही, नुसता आवाज आहे, आणि त्याला घरात यायला माझा शब्द पाहिजे. माझ्या माहेरी अशालाच तर भितात. मी ओ दिली आणि जे उतरलं ते भलतंच असलं तर? आणि हाच खरा असला तर?

"सत्यभामा..."

तिसरी. तिसरी हाक आली होती. मी माझ्या कानांनी ऐकली. तिसरी आली तर माणूस.

"वहिनी, लवकर! बुडून राह्यला! लवकर!"

चैतरामनं 'लवकर' म्हटलं आणि मला गच्चीवरची ती संध्याकाळ दिसली. अशाच घाईत आमच्या माणसानं ओ दिली होती. जे आपल्याला विचार करायला वेळ देत नाही, ते चांगलं नसतं. बाजारात असो की आभाळात. मी अंगठा काढून घेतला.

सेटमधून नुसता श्वास येत राहिला, धापा टाकल्यासारखा. मग मिलच्या पत्र्यांमागं उपग्रह उतरला आणि खरखरही गेली.

चैतराम रस्त्यातच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "भाऊ होते वहिनी... आपले भाऊच होते."

"यापुढं त्याले एक शब्द बोलशील तं तुह्या दुकानाले काडी लावीन," मी म्हटलं. आणि परतीची गाडी पकडली.

मी बरोबर केलं. माझ्या जागी दुसरी कोणी असती तरी हेच करती. असं मी गाडीत स्वतःला सांगत होते, आणि खिडकीतून कुठं आभाळ दिसलं की पदर पुढं ओढत होते.

घरी आले तर हे अंगणात पाट मांडून बसलेले. कुठं गेलती, इतका उशीर काहून, काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "आली?"

मी चपला काढल्या नाहीत. तशीच समोर उभी राहिले. "अजी, जरा खाकरून दाखवा."

माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग खाकरले. हुबेहूब. विडी ओढणाऱ्या माणसाचं, छातीतून आलेलं.

त्या दिवसापासून हे प्रत्येक शब्दाआधी खाकरतात. न चुकता. झोपेत कूस बदलताना 'अं' म्हणायचं असलं तरी आधी खाकरतात. मीच शिकवलं म्हणायला हरकत नाही.

चैतराम अधूनमधून फोन करायचा. बोलत नाही म्हणायचा, पण ऐकतो. वरून आता दुसरं काही येत नव्हतं, फक्त माझं नाव. दिवसेंदिवस बारीक होत चाललेलं. मग उन्हाळ्यात, लूचं गरम वारं चालत होतं तेव्हा, त्यानं सांगितलं, "वहिनी, तो उपग्रह बंद पडला. बॅटरी बसली त्याची. आता तो नुसता फिरत राहीन. त्यातून कोणाचाच आवाज नाही येणार."

"पुन्हा चालू होत नाही?"

"वर जाऊन कोण बदलणार सेल?"

मी फोन ठेवला. सुटले, असं वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की कोणीतरी विहिरीत असताना मी वरून झाकण लावलं. पण झाकण माझ्या हातानं लागलं नव्हतं. मी तेवढ्यावर निजले.

आमची एकुलती एक लेक श्रुतिका, नागपूरला दिली आहे. दर रविवारी फोन करते. हे तिच्याशी बोलायचं टाळायचे. "तूच बोल, मले फोनवर नीट ऐकू येत नाही." मीही जोर केला नाही. तर दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, कुकर लावला होता. फोन वाजला आणि यांनी उचलला.

मला सगळं ऐकू येत होतं. खाकरले. "हौ पोरी... हौ... बरं बरं... असं का? वा!" मनापासून हसले. बराच वेळ बोलणं चाललं. मग मला बोलावून रिसीव्हर दिला. "श्रुतिका दिवाळीले नाही येत. दिवस गेले तिले. तिसरा महिना लागला म्हणते."

मी पिठाच्या हातांनीच रिसीव्हर घेतला.

"हॅलो? हॅलो! अवो, कोणी बोला ना!" पलीकडून श्रुतिका वैतागून ओरडत होती.

"अवं मी आहो. किती गोड बातमी दिली पोरी तू!"

"कोणती बातमी? आई, केव्हाची हॅलो हॅलो करून राह्यली मी. फोन उचलून बाजूले ठेवला होता का? तुह्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येऊन राह्यल्या."

"बाबा बोलत होते ना तुह्याशी..."

"बाबा? नाही आई. कोणीच बोललं नाही."

मग तिचा आवाज एकदम खाली आला. "कोणती बातमी म्हणालीस तू?"

"तिसरा महिना..."

"तुले कसं समजलं? मी आज डॉक्टरकडून आली. अजून जावयांलेही नाही सांगतलं तुह्या. घरी आली आन आधी तुलेच फोन लावला."

हे चुलीजवळ उभे होते. कुकर खाली उतरवून ठेवला होता. माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मी जन्मात एवढं खोटं इतक्या गोडीनं बोलले नाही. "आईले समजते पोरी. सपनात आलं." मग श्वास घेतला. "ऐक. दिवाळीले येऊ नको. आन बाळंतपणालेही इथं येऊ नको. मी येईन तिकडे."

"आई? पहिलं बाळंतपण माहेरी असते. सासूबाई काय म्हणतीन? मी काय केलं?"

"काही नाही केलं. येऊ नको म्हटलं ना!"

रडली. फोन ठेवून दिला तिनं. अजूनही तिच्या मनातून ते गेलं नाही. जावयानं तर नात्यात सांगून टाकलं की सासू पैशाला मागं पाहते. म्हणू द्या.

वैशाखात बाळ झालं. मी आठ दिवस नागपूरला जाऊन राहिले आणि बारशाच्या आदल्या दिवशी निघून आले. बारशाला आजी नाही, असं कोणी पाहिलं आहे का? पण मला नाव ऐकायचं नव्हतं. श्रुतिकाला बजावून आले, फोनवर बाळाचं नाव घेऊ नको, पत्रात लिहू नको, मला तर मुळीच सांगू नको. ती म्हणाली, "आई, तुह्यं डोकं फिरलं." म्हणू द्या.

घर सोडून का जात नाही, असं तुम्ही विचाराल. आठ दिवसांचं ठीक, पण मी कायमची जिथं जाईन तिथं हे येतील. मी इथं आहे तोवर हेही इथं आहेत, एवढं मला कळतं. दोन वेळचं ताट वाढते. जेवतात, छान झालं म्हणतात.

पावसाळा लागल्यापासून मात्र नवीन चालू झालं आहे. दिवे लागायच्या वेळी हे अंगणात येऊन बसतात आणि नावं घेतात. मुलांची, मुलींची, जुनी, नवी, कुठून कुठून आणतात. एक नाव घेतात, थांबतात, मान जरा वाकडी करून ऐकतात. काही नाही आलं की दुसरं. घाई नाही. यांना आता कशाचीच घाई नाही.

काल एका नावापाशी हे थांबले. कोणतं ते मी लिहिणार नाही, आणि लेकीला फोन करून तेच का असं विचारूही शकत नाही. नागपूरच्या बाजूला तोंड करून बराच वेळ बसले होते. मग खाकरले, हसले, आणि हळूच म्हणाले, "हौ... बोल."